चोविसावी सरी, मधोमध

१

"सही कर म्हटलं ना! चार ओळींचा तर कागद आहे, त्यात वाचायचं काय एवढं?"

"वाचल्याशिवाय मी सही करत नाही, क्लेटनसाहेब."

"का, वाचता येतं का तुला?"

झालं. इथेच ब्रिसाचं डोकं सटकलं. ती बियाणं साफ करायच्या शेडच्या दारात कुदळ घेऊन उभी होती. आत यायचा तिचा विचार नव्हता, पण आता ती आत आली.

"माझ्या बापाला दोन भाषांत वाचता येतं," ती म्हणाली. "तुम्हाला एकीत तरी नीट बोलता येतं का?"

"ब्रिसा, गप्प." सेलेस्तिनोने मागे न बघताच सांगितलं.

"का गप्प? अपा, तू गप्प बसतोस म्हणून हे बोलतात!"

क्लेटन हसला. तो मालकीणबाईंचा जावई. चार वर्षांपूर्वी लग्न करून आला आणि आल्या दिवसापासून शेत आपल्या बापाचं असल्यासारखा वागायला लागला. मालकीण मिरेन उबेरुआगा कोपऱ्यात बियाण्याच्या पोत्यावर बसून होत्या. बास्क वंशाची बाई, सत्तरीची, आवाज असा की नदीपलीकडे ऐकू जावा. आज मात्र तोंडातून शब्द नाही. तळहातावर चार बिया घेऊन त्या अंगठ्याने चोळत बसल्या होत्या.

ब्रिसाने कागद ओढून घेतला आणि मोठ्याने वाचला. "मी, सेलेस्तिनो सेंदेहास, माझ्या निष्काळजीपणामुळे गवताच्या औषधाऐवजी ग्लायफोसेट टाकीत भरलं आणि त्यामुळे रानक्लोव्हरचं पीक मेलं." खाली सहीला जागा.

म्हणजे काय ते समजून घ्या. ग्लायफोसेट दिसेल ते हिरवं मारतं. गवताचं औषध फक्त गवत मारतं, फुलझाडाला हात लावत नाही. बावीस वर्षं फवारणी करणाऱ्या माणसाने दोन्हींत गल्लत केली असं एकदा लिहून दिलं, की फवारणीचा परवाना गेला. आणि परवाना गेलेल्या माणसाला या खोऱ्यात कुणी पंपाला हात लावू देत नाही.

"उद्या दहाला बियाणं तपासणाऱ्या बाई येताहेत," क्लेटन म्हणाला. "त्यांच्या हातात हा कागद पडला की विषय संपला. मेलेलं शेत सातलाच नांगरून टाकतोय. आणि तू, सेलेस्तिनो, शेतात पाऊल टाकायचं नाही. तीन दिवस सांगतोय."

"उद्या सकाळी सांगतो," सेलेस्तिनो म्हणाला आणि टोपी घालून बाहेर पडला.

ब्रिसा त्याच्या मागे गेली नाही. शेतात पाऊल टाकायला बापाला बंदी होती. तिला कुणी काही सांगितलं नव्हतं.

रानक्लोव्हरचा तुकडा चार एकरांचा. वणव्यात जळालेल्या माळरानांवर पेरायला सरकारला इथल्याच मातीतल्या रानफुलांचं बी लागतं, ते मिरेनबाई पिकवतात. ऐकायला गोड वाटतं. करून बघा! कांद्याला औषध आहे, बिटाला आहे, पण या फुलांचं नाव बहुतेक डब्यांवर नसतंच. कुठलं औषध किती द्यायचं, कधी द्यायचं, हे सेलेस्तिनोने एकेका ओळीवर थेंब थेंब टाकून, वर्षानुवर्षं डोळ्यांत तेल घालून शोधलं होतं. आणि त्यालाच म्हणे निष्काळजी!

फाटकापाशी ती थबकली. जांभळे तुरे यायच्या दिवसांत समोरची सगळी झाडं पिळून टाकलेल्या फडक्यासारखी वाकडी झाली होती. तपकिरी, मान टाकलेली.

आणि त्यांच्या मधोमध रानमोहरी उभी होती. कमरेएवढी, पिवळीधमक, वाऱ्यावर मजेत डुलत.

ब्रिसा खाली बसली. ग्लायफोसेट मोहरीला सोडत नाही. कधीच नाही.

२

ती गुडघ्यांवर सरकत एकेक तण बघायला लागली. गेले तीन महिने, शाळा सोडल्यापासून, तिने दुसरं केलंच काय होतं? रोज आठ तास कुदळ. वर्गात तिला फळ्यावरचं दिसायचं नाही असं मास्तर म्हणायचे. इथे मात्र दोन पानांची तणाची रोपंसुद्धा तिला चालत्या गाडीतून ओळखू यायची.

गवत वाळलेलं. चांगलं मुळापर्यंत. म्हणजे अपाने गवताचं औषध मारलं होतं आणि त्याने आपलं काम चोख केलं होतं. मोहरी जिवंत. पण काटेतण, ते जाड काट्यांचं, गाईलाही न आवडणारं, ते क्लोव्हरसारखंच पिळून पडलेलं.

मोहरीला सोडतं आणि काटेतणाला मारतं असं एकच औषध तिला माहीत होतं. लोक त्याला काट्याचं औषध म्हणतात. आणि ते औषध शेंगेच्या जातीच्या झाडांनाही ठेवत नाही. क्लोव्हर शेंगेच्याच जातीचं.

म्हणजे टाकीत दोन औषधं होती. एक अपाने घातलेलं. दुसरं कुणी?

या रस्त्यावर काट्याचं औषध बिटाला मारतात. बीट फक्त शेजारच्या म्हाताऱ्या मोरिशिगेंचं, क्लोव्हरच्या पश्चिमेच्या कुंपणाला लागून. आणि मोरिशिगेंना ही फुलं डोळ्यांसमोर नको असायची, हे साऱ्या खोऱ्याला ठाऊक.

ते पाटाच्या कडेला सायफनच्या नळ्या मांडत होते. ब्रिसाने नमस्कार-चमत्कार काही केला नाही.

"मिस्टर मोरिशिगे, काट्याचं औषध कधी मारलंत?"

"तू कोण, पोलीस?"

"सेलेस्तिनोची मुलगी."

"ते दिसतंच आहे. तो बोलत नाही, त्याचा कोटा तू वापरतेस." त्यांनी नळी पाण्यात बुडवली, तळव्याने तोंड झाकलं आणि झटकन सरीत उलटवली. पाणी धावलं. "तुमच्या बाईंना मी तीस वर्षं विचारतोय. आधी पैसे घालून तण पेरता, मग पैसे घालून तण उपटता. हे कुठलं शहाणपण?"

"ते तण नाही!"

"माझ्या बिटात उगवलं की तण." ते मिश्कील हसले, मग एकदम गंभीर झाले. "महिन्याच्या दोन तारखेला मारलं मी. तुम्ही फवारलंत त्याच्या दहा दिवस आधी. माझ्यावर संशय आहे ना? मग डोकं वापर. इथे वारा कुठून येतो?"

"पश्चिमेकडून."

"माझं बीट कुठे?"

"पश्चिमेला."

"माझं औषध उडून आलं असतं, तर आधी काय मेलं असतं? माझ्या कुंपणाजवळचं. जा, बघून ये. आणि परत येऊन माफी माग."

ब्रिसा तणतणत गेली. कुंपणाजवळचं क्लोव्हर हिरवंगार होतं. कळ्या लागलेल्या. मधमाश्यासुद्धा होत्या.

मग ती पूर्वेच्या फाटकापासून सरळ पश्चिमेकडे सऱ्या मोजत निघाली. पहिली मेलेली. दहावी मेलेली. विसावी मेलेली. एकविसाव्या सरीशी ती थांबली आणि सरीच्या कडेने आत चालत गेली. अर्ध्यापर्यंत झाडं मेलेली. आणि मग एकाच सरीत, एकाच मातीत, एका पावलावर ती जिवंत. चोविसाव्या सरीपर्यंत चारही सऱ्यांत तेच. सुरीने कापल्यासारखी रेघ. पंचविसावीपासून पुढे पानांना थोडा पीळ, बाकी काही नाही.

आणि त्या रेघेवर बरोबर एक नारिंगी झेंडी रोवलेली होती. तारेची, बोटभर.

"ए! कोण आहे तिकडे?"

फाटकात क्लेटन उभा होता.

३

त्याने तिला दंडाला धरलं नाही, एवढंच. बाकी सगळं केलं.

"बापाला बंदी म्हणजे घरादाराला बंदी. कळत नाही?"

"मोहरी कशी जगली ते सांगा. जाते."

"काय?"

"ग्लायफोसेटने मोहरी का नाही मेली?"

क्षणभर तो मोहरीकडे बघत राहिला. जणू ती त्याने आज पहिल्यांदाच पाहिली. मग हसला. "तू शाळा सोडलीस ना? मग मला शिकवू नकोस. तुझा बाप म्हातारा झालाय, हे मान्य कर. फवारणीच्या सोमवारी आयती भरलेली टाकी मिळाली, तरी त्याला धड फवारता आलं नाही. आता निघ."

ती निघाली. अंगाची लाही लाही होत होती. शिवी जिभेवर होती, पण ती बापाच्या नावावर लागली असती म्हणून गिळली.

घरचा रस्ता क्लेटनच्या घोड्यांच्या कुरणावरून जातो. एप्रिलमध्ये त्याने निंदणीच्या टोळीला तिथे काटेतण काढायला जुंपलं होतं. ब्रिसाही होती. अर्धं कुरण झालं, तेवढ्यात मिरेनबाईंनी सगळ्यांना कांद्याकडे बोलावून घेतलं. अर्धं राहिलं. तिच्या बोटांतले काटे आठवडाभर निघत होते.

आज घोडे गुडघाभर गवतात चरत होते. राहिलेल्या अर्ध्यात काटेतण उभं असायला हवं होतं, छातीएवढं. एकही नव्हतं. जवळ जाऊन तिने तारेतून बघितलं. होतं, पण आडवं. पिळलेलं, तपकिरी, मान टाकलेलं. आणि त्याच्या भोवती गवत मात्र हिरवंगार.

४

सेलेस्तिनो तव्यावर पिठाच्या तोर्तिया भाजत होता. आई कांद्याच्या पॅकिंग शेडमध्ये संध्याकाळच्या पाळीला गेली होती. अंडी आणि चोरिझोचं तिखट मांस तयार होतं. त्याने ताट पुढे सरकवलं. ब्रिसाने हात लावला नाही.

"अपा, नारिंगी झेंडी कशाची?"

"शेतात गेली होतीस?"

"झेंडी कशाची?"

"टाकी संपते ना, तिथे रोवतो. पाणी भरून आल्यावर नेमकं तिथूनच सुरू करायचं. नाहीतर एक तर दोनदा फवारलं जातं, नाहीतर एक जागा राहते." तो तोर्तिया उलटत होता. "आपला फवारणीचा दांडा चार सऱ्यांचा. पहिली टाकी चोविसाव्या सरीत संपली, मध्येच."

ब्रिसाने बोटांवर हिशेब केला. म्हणजे पहिल्या टाकीतलं सगळं मेलं. दुसऱ्या टाकीतलं जगलं.

"दोन्ही टाक्यांत औषध एकाच डब्यातलं?"

"एकाच. गवताचं. मापून घातलं."

"मग पहिल्या टाकीत वेगळं काय होतं?"

सेलेस्तिनोने गॅस बंद केला. मग खुर्चीत बसला, आणि ब्रिसाला पहिल्यांदा वाटलं की अपा खरंच थकलाय.

"टाकी मी तीनदा धुतो. धुतली की खालचं बूच काढून गाडीच्या आकड्याला लटकवतो. तुला माहितेय. बूच लटकलंय म्हणजे टाकी धुतलेली आणि रिकामी. शनिवारी तसंच लटकवलं होतं. सोमवारी फवारायला आलो, तर बूच टाकीला लावलेलं. आत अर्धी टाकी पाणी."

"कुणी भरलं?"

"मला वाटलं, बाईंनी कुणाला सांगितलं असेल. म्हातारा झालाय, पाण्याच्या फेऱ्या वाचाव्यात." तो ओशाळून हसला. "बावीस वर्षांत कुणी माझं काम हलकं केलं नव्हतं, ब्रिसा. बरं वाटलं मला. मी न धुताच वरून टाकी भरली आणि औषध घातलं."

"हे कुणाला सांगितलंस?"

"कुणाला सांगू? न धुतलेली टाकी वापरली म्हणजे चूक माझीच. उद्या सही करून टाकतो."

"अपा! कुणालाच नाही सांगितलं?"

"जिवंत माणसाला नाही. तुला आत्ता."

ब्रिसा उठून उभी राहिली. खुर्ची मागे पडली.

मग आयती भरलेली टाकी क्लेटनला कशी माहीत?

५

सकाळी सातला नांगर लावलेला ट्रॅक्टर फाटकातून आत आला तेव्हा ब्रिसा पहिल्या सरीत उभी होती. क्लेटनने हॉर्न वाजवला. ती हलली नाही. त्याने इंजिन रेझ केलं. ती खाली बसली.

"वेडी आहेस का तू?"

"दहाला बाई येताहेत. त्या शेत बघतील. मग नांगरा, नाहीतर स्वतःला गाडून घ्या."

मोरिशिगे कुंपणापलीकडून हे बघत होते. त्यांनी खिशातून फोन काढला. बियाणं तपासणाऱ्या ओडेगार्डबाई दहाला येणार होत्या, त्या पावणेआठला आल्या. उंच, सडपातळ, पायात रबरी बूट. त्यांच्यामागून मिरेनबाई आणि सेलेस्तिनो.

"मला कागद मिळणार होता म्हणे," ओडेगार्डबाई म्हणाल्या. "इथे तर मुलगी मिळाली."

"कागद आहे, सही होते आहे," क्लेटन घाईने म्हणाला.

"आधी मोहरी बघा," ब्रिसा म्हणाली.

आणि तिने त्यांना चालवलं. सरीसरीने. मोहरी दाखवली, वाळलेलं गवत दाखवलं, काटेतण दाखवलं. ओडेगार्डबाई एकेक पान चिमटीत धरून उलटंसुलटं करत होत्या. चोविसाव्या सरीत, मधोमध, त्या स्वतःहून थांबल्या. खाली वाकून त्यांनी रेघेच्या दोन्ही बाजूंची पानं ताडून पाहिली.

"ही झेंडी?"

"इथे पहिली टाकी संपली," सेलेस्तिनो म्हणाला. रेघ तोही पहिल्यांदाच बघत होता.

"वाऱ्याला टाकी कुठे संपली ते कळत नाही," ब्रिसा म्हणाली. "म्हणून मोरिशिगेंचं औषध नाही. अपाने डबा चुकवला असता तर दोन्ही टाक्यांत चुकला असता, डबा एकच होता. आणि मोहरी मेली असती. पहिल्या टाकीत आधीच काहीतरी होतं. काट्याचं औषध. शनिवारी टाकी धुऊन, बूच काढून ठेवली होती. रविवारी कुणीतरी बूच लावलं, औषध भरलं, वापरलं, उरलेलं तसंच ठेवून वर पाणी ओतलं. संशय नको म्हणून. दुसऱ्या टाकीला नळीत राहिलेलं जेमतेम लागलं, म्हणून पुढच्या पानांना थोडासाच पीळ."

"गोष्ट छान आहे," क्लेटन म्हणाला. "मी त्या टाकीला बोट लावलेलं नाही."

"तुमच्या कुरणातलं काटेतण मग लाजून मेलं का?"

"मी हाताने काढलंय."

"हाताने काढलं तर मूळ निघतं. तुमचं अजून जमिनीत आहे. पिळलेलं. चला, दाखवते."

"परवाना आहे तुमच्याकडे?" ओडेगार्डबाईंनी सहज विचारलं.

क्लेटन ट्रॅक्टरकडे बघायला लागला.

"आणि काल तुम्ही मला म्हणालात," ब्रिसाचा आवाज चढला, "बापाला आयती भरलेली टाकी मिळाली. अपाने ते कुणालाच सांगितलं नव्हतं! बायकोला नाही, मला नाही! भरणाऱ्यालाच माहीत होतं. स्वतः घाण केलीस, आणि बावीस वर्षं इमानाने राबलेल्या माणसाच्या गळ्यात मारलीस. वाचता येतं का म्हणे! लाज आहे का तुला?"

क्लेटनने सासूकडे बघितलं. मिरेनबाई मातीकडे बघत होत्या.

"आई, सांगा ना यांना. घरातलं आहे."

"रविवारी चर्चमधून आले तेव्हा ट्रॅक्टर चालू होता," मिरेनबाई हळूच म्हणाल्या. "तुझ्या कुरणात. मी ऐकला होता."

ओडेगार्डबाईंनी पिशवी उघडून मेलेल्या क्लोव्हरची पानं आत टाकली, जिवंतांची दुसऱ्या पिशवीत टाकली आणि तारीख लिहिली. "प्रयोगशाळेत जातील. कुरणातलीही घेते. मिस्टर सेंदेहास, तुमच्या परवान्याला मी हात लावत नाही. टाकी धुतल्याशिवाय भरू नका, एवढं मात्र लिहिणार."

"लिहा," सेलेस्तिनो म्हणाला. "ते खरं आहे."

क्लेटन ट्रॅक्टर तिथेच सोडून चालता झाला. सेलेस्तिनो मिरेनबाईंसमोर जाऊन उभा राहिला.

"ऐकला होता तुम्ही."

"माझी मुलगी आहे रे त्या घरात. काय करू मी?"

"मुलगी मलाही आहे, बाई. आज सकाळी ती नांगरापुढे बसली होती."

मिरेनबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. ब्रिसाला ते बघून अजूनच राग आला. आता रडताय, काल पोत्यावर बसून बिया चोळत होतात तेव्हा नाही आलं ते! पण अपाने तिच्या खांद्यावर हात ठेवला होता, म्हणून ती बोलली नाही.

"सोमवारी खालच्या तुकड्यात गवत माजेल," मिरेनबाई म्हणाल्या. "तुझ्याशिवाय कुणाला जमत नाही. येशील ना? सगळं तुझ्या हातात देते. शेडची किल्लीसुद्धा. सेलेस्तिनो?"

तो उरलेल्या हिरव्या सऱ्यांकडे बघत होता.

"यांना आज पाणी द्या. बुधवारपर्यंत थांबू नका. थोडं लागलंय त्यांना, पाण्याने निभावतील. कळ्या मोडू देऊ नका."

"हो, देते. आणि सोमवारी?"

"बाई, किल्ली तुमच्याकडेच राहू दे. मला आता निघायला हवं."